रिफ्रेशर झाला, सर्टिफिकेट आलं, तास मात्र तसाच

तास_चौथा

तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, नोकरीचं पाचवं वर्ष. गुरुदक्षता, म्हणजे नव्या प्राध्यापकांचं प्रशिक्षण, मागेच झालं, परवा दोन आठवड्यांचा रिफ्रेशर कोर्सही संपला. दोन्ही ऑनलाइन. खरं सांगते, रिफ्रेशरची निम्मी सत्रं मी मेथी निवडत ऐकली. एका वक्त्यांनी ‘व्याख्यानपद्धती कालबाह्य झाली’ हे सलग दीड तास व्याख्यान देऊन पटवलं. शेवटी एमसीक्यू, फीडबॅक फॉर्म, सर्टिफिकेट. कॅसच्या (बढतीच्या) फाइलला लागलं, कॉलेजच्या गुणवत्ता कक्षातले आयक्यूएसीवाले खूश.

सोमवारी पुन्हा वर्गात. एफवायला पटावर ११८, समोर साठेक. न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहिला, मुलांनी उतरवून घेतला. “समजलं का?” “हो मॅडम.” मग सहज विचारलं, उसाची भरलेली ट्रॉली आणि स्कूटी समोरासमोर धडकल्या, तर जास्त बल कुणावर? अख्खा वर्ग एका सुरात, “स्कूटीवर!” नियम अजून फळ्यावरून पुसलेलाही नव्हता.

शिकवणं खरंच सुधारेल असं प्रशिक्षण कुणी घेतलंय का? नाहीतर तुमचं तुम्ही काय करता? (पीपीटी करा असं कृपया सांगू नका. आमच्या प्रोजेक्टरवर सगळं गुलाबी दिसतं.)

तिसरी_पाटी

मॅडम, कोर्स प्लेसमेंटसाठी, म्हणजे आपल्याला वरची वेतनश्रेणी मिळण्यासाठी असतात. १९८७ च्या सुमारास प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, मग त्यांची एचआरडीसी झाली, २०२३ पासून मालवीय मिशन. मी तिन्ही पाट्यांखाली बसलोय.

पण एक कबूल करतो. माझं ओरिएंटेशन चार आठवड्यांचं, राहून करायचं होतं. सत्रं आठवत नाहीत. हॉस्टेलवर खोलीत वनस्पतिशास्त्राचे एक सर होते, ते पहिल्याच तासाला मुलांना कॉलेजच्या कुंपणाशी नेऊन गाजरगवत उपटायला लावायचे. मी इतिहासाचा. परत आल्यावर मुलांना गावातल्या वेशीवरचा शिलालेख उतरवून आणायला लावला. ते त्या खोलीत सुचलं. ऑनलाइनमध्ये नेमकी ती खोलीच गेली.

निवृत्त_डस्टर

ट्रॉलीचा प्रश्न तुम्ही नकळत फार जुना विचारलात. १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनांवर एक चाचणी छापली, तीत ट्रक आणि कारची धडक आहे. गणितं फडाफड सोडवणारी मुलं तिथे अडखळतात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना आपल्याच वर्गात तसं दिसलं आणि त्यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. म्हणजे तुमची मुलं मठ्ठ नाहीत आणि तुम्हीही वाईट शिकवत नाही.

त्यांची पद्धत मी शेवटची अकरा वर्षं वापरली. पुठ्ठ्याचे चार रंगांचे तुकडे प्रत्येकाला द्या. दहा-बारा मिनिटं शिकवा, मग एक प्रश्न, चार पर्याय. मिनिटभर शांतता, मग सगळ्यांनी एकदम पुठ्ठा छातीशी धरायचा. डोक्यावर नाही, नाहीतर मागचे पुढच्यांचं बघून ठरवतात. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर उत्तर सांगू नका, शेजाऱ्याला पटवा म्हणा, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मत घ्या. ३० हूनही कमी असतील तर चर्चेला काही अर्थ नाही, पुन्हा शिकवा. यंत्र लागत नाही, प्रोजेक्टर तर नाहीच.

अवघड काम प्रश्न काढायचं. माझा एक चांगला प्रश्न जमायला रविवार जायचा.

आकडा हवा असेल तर रिचर्ड हेक यांचा १९९८ चा अभ्यास आहे: ६२ कोर्स, सहा हजारांवर विद्यार्थी. मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांत संकल्पनांमधली सरासरी प्रगती नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांच्या जवळजवळ दुप्पट.

आणि एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा. विभागप्रमुखांना नको. गोपनीय अहवाल लिहिणारा माणूस वर्गात असला की आपण नाटक करतो.

दोन_कॉलेजं

मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तुमच्या फाइलला लागतं, आम्हाला फाइलच नाही. कोर्सला बसलो की तास बुडतात, तास बुडले की पैसे. असो.

शेवटची तीन मिनिटं चिठ्ठी घेतो: आज काय कळलं नाही? नाव लिहायचं नाही. पहिला महिना निम्म्या कोऱ्या यायच्या. मग एकीने विचारलं, सर, मराठीत लिहिलं तर चालेल का? मी कधी सांगितलंच नव्हतं! तेव्हापासून पाठपोट भरून येतात. एसटीत वाचून होतात, एसटी माझ्या नशिबी भरपूर आहे.

तास_चौथा

बारा दिवसांनी येतेय. पुठ्ठे केले, बूट-चपलांच्या खोक्यांचे. रंग आमच्या लॅब असिस्टंटनी दिला, दादांचे आभार.

तोच ट्रॉलीचा प्रश्न. हजर ६१, बरोबर ९. डस्टर सरांच्या नियमाने चर्चा नाही. प्रॅक्टिकलच्या कपाटातून दोन तानकाटे काढले, एकमेकांत अडकवले. एका बाजूला वर्गातला पैलवान, दुसरीकडे सगळ्यांत किरकोळ मुलगी. दोघं ओढताहेत आणि काटे दोन्हीकडे सारखेच. पैलवानाने आपला काटा बिघडलाय म्हणून बदलून मागितला. बदलला. तेच. पुन्हा मत: २७. मग चर्चा लावली. इतका गोंगाट झाला की शेजारच्या वर्गातून कॉमर्सचे सर बघायला आले. त्यांना म्हटलं, बसा. बसले. तिसरं मत: ४६.

त्यांनी नंतर सांगितलं की मी सगळे प्रश्न खिडकीकडच्या मुलींनाच विचारते. पाच वर्षांत मला पत्ता नव्हता.

शेवटी एक मुलगा उठला, या आधी त्याचा आवाज फक्त हजेरीला ऐकलेला. “मॅडम, बल सारखं, तर मग चुराडा स्कूटीचाच का होतो?” मी दुसऱ्या नियमावर यायला तोंड उघडलं आणि ४८ मिनिटं संपली, घंटा झाली. कुणी उठेना.

डस्टर सर, त्यावरचे चार पर्याय कसे काढू? उद्या पहिलाच तास आहे.