शब्दचर्चा: ‘सहकारी डेकबांधणी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार. नागपूरच्या धरमपेठेत आमचा एक छोटा खेळगट आहे. गटाच्या पत्रकासाठी मी ‘लेजेंडरी एन्काउंटर्स: फायरफ्लाय’ या पत्त्यांच्या खेळाबद्दल लिहिते आहे. पहिलं वाक्य असं झालं: ‘टीव्ही मालिकेवर आधारित सहकारी डेकबांधणी पत्तेखेळाचे समीक्षण’. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, सहकारी म्हणजे सोसायटीचा आहे का? आधारित, सहकारी, डेकबांधणी आणि समीक्षण या चारही शब्दांवर जाणकारांचं मत हवं आहे. वाचणारे मराठी आहेत, पत्ते सगळ्यांना येतात, पण असा खेळ बहुतेकांनी पाहिलेला नाही.

उत्तर

तुमच्या आईंचा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात ‘सहकारी’ या विशेषणाच्या पुढे साखर कारखाना येतो, बँक येते, पतसंस्था येते, गृहनिर्माण संस्था येते. १९६० च्या कायद्याचं नावच ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम’ आहे. नाम म्हणून वापरला तर सहकारी म्हणजे कचेरीतला सोबती. हे दोन्ही अर्थ इतके घट्ट बसले आहेत की तिसरा, खेळातला अर्थ, म्हणजे सगळ्यांनी एकाच बाजूने खेळायचं, वाचणाऱ्याच्या मनात सहज उमटत नाही.

मग दुसरे शब्द पाहू. ‘सांघिक’ चालत नाही, कारण सांघिक खेळ म्हटलं की समोर दुसरा संघ हवा. कबड्डी सांघिक, खो-खो सांघिक. तुमच्या खेळात दुसरा संघच नाही. ‘सामूहिक’ म्हटलं की कवायत किंवा सूर्यनमस्कार डोळ्यांपुढे येतात. सगळे एकच गोष्ट एका वेळी करतात, असा तो भाव आहे. इथे तर प्रत्येकाच्या हातात वेगळी पानं आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

आपल्या पत्त्यांच्या बैठकीत यासाठी फार चांगला शब्द आधीपासून आहे: भिडू. मेंढीकोट आठवा. आपल्या नागपुरात त्याला ‘दहला पकड’ म्हणणारीही घरं आहेत. चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू, बाकीचे दोघे विरोधात. चारही दश्श्या मिळवल्या की कोट. त्यात भिडूशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत; त्याने काय टाकलं यावरून त्याच्या हातात काय आहे ते ओळखायचं. तुमच्या खेळात टेबलाभोवती बसलेले सगळेच भिडू आहेत आणि बोलायला मोकळीक आहे. मग विरोधात कोण? तर खेळ स्वतः. इथे मुलांच्या खेळातला ‘राज्य’ हा शब्द उपयोगी पडेल. लपंडावात एकावर राज्य येतं आणि बाकीचे सगळे एका बाजूला असतात. तुमच्या खेळात राज्य कायम पत्त्यांवर आहे. ‘यात सगळेच भिडू असतात आणि राज्य पत्त्यांवर असतं’ असं लिहा. ज्याने असा खेळ पाहिलेला नाही त्यालाही एका वाक्यात समजेल. एका शब्दाचा हट्ट धरून नवा समास घडवण्यापेक्षा हे वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं.

आता डेक, म्हणजे पत्त्यांचा जोड. हा खरा अवघड शब्द आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

मराठीत बावन्न पानांच्या जोडाला ‘कॅट’ म्हणतात. ‘कॅट पिस’, ‘कॅट काप’, ‘दोन कॅट घेऊन रमी खेळू’. पण कॅट सगळ्यांचा मिळून एक असतो, आणि त्यात किती पानं हे ठरलेलं असतं. या नव्या खेळांतला डेक एकेकाचा स्वतःचा असतो आणि खेळता खेळता बदलत जातो. या प्रकाराची सुरुवात ‘डॉमिनियन’ने केली. डोनाल्ड व्हॅकारिनो यांचा हा खेळ २००८ साली आला आणि २००९ मध्ये त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळाला. त्यात प्रत्येकाला सुरुवातीला दहा साधी पानं मिळतात: सात तांब्याची नाणी, तीन लहान जमिनी. त्यांतली पाच हातात घ्यायची, त्यांच्या जोरावर मधून एखादं चांगलं पान विकत घ्यायचं, ते आपल्या टाकलेल्या पानांत ठेवायचं. आपली पानं संपली की टाकलेली पुन्हा पिसायची, आणि मग कधीतरी ते चांगलं पान हातात येतं.

म्हणून डेकसाठी मी ‘गड्डी’ सुचवतो. कॅट सगळ्यांचा, गड्डी ज्याची त्याची. परीक्षणात हा फरक पहिल्यापासून पाळला तर वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही.

क्रियापद मात्र जपून निवडा. ‘गड्डी बांधणे’ म्हटलं की नोटांच्या गड्डीला रबर लावल्यासारखं वाटतं, आणि ‘बांधणी’ म्हटलं की पुस्तकाची बांधणी आठवते. ‘गड्डी जमवणे’ बरं वाटतं, पण त्यात अर्धीच गोष्ट येते. या खेळातलं निम्मं कौशल्य पानं कमी करण्यात आहे. डॉमिनियनमध्ये ‘चॅपल’ नावाचं एक स्वस्त पान आहे. ते खेळलं की हातातली चार पानांपर्यंत कायमची बाहेर काढता येतात. नवशिक्याला वाटतं, पानं घालवायची कशाला? पण साधी पानं गेली की चांगली पानं लवकर लवकर हाती येतात. ही भर घालणं आणि छाटणं दोन्ही ज्यात येतं, ते क्रियापद ‘घडवणे’. ‘गड्डी घडवण्याचा खेळ’ असं म्हणा. माती लावायचीही असते आणि काढायचीही असते, तेव्हा मूर्ती घडते.

यालाच जोडून: ‘टाकणे’ आणि ‘बाद करणे’ यांत गल्लत होऊ देऊ नका. टाकलेलं पान पिसून परत येतं. बाद केलेलं पान त्या डावापुरतं गेलं.

‘आधारित’बद्दल. हा शब्द चुकीचा नाही, पण तो फार थोडं सांगतो. डब्यावर मालिकेचं नाव छापलं आणि आत कोणताही जुना खेळ भरला, तरी तोही आधारितच. मला ‘बेतलेला’ आवडतो. बेतणे म्हणजे अंगाचं माप घेऊन कापड कापणे. आधी माप, मग कात्री. जो खेळ मालिकेच्या मापाने कापला आहे त्यालाच बेतलेला म्हणावं, आणि परीक्षणाने नेमकं तेच तपासावं.

तुमच्या खेळापुरतं बोलू. फायरफ्लाय ही मालिका २००२ साली अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर आली. चौदा भाग तयार झाले होते. त्यांतले अकरा दाखवून ती बंद केली, आणि तेही उलटसुलट क्रमाने: सुरुवातीचा म्हणून केलेला भाग डिसेंबरात, शेवटी दाखवला. तरी प्रेक्षकांनी ती सोडली नाही. २००५ साली त्याच कथेवर ‘सेरेनिटी’ हा चित्रपट निघाला. सेरेनिटी हे एक जुनं मालवाहू अवकाशजहाज, त्यावर नऊ जण. पैसे नेहमी कमी, मिळेल ते काम करायचं, आणि एकमेकांना सोडायचं नाही. आता २०१६ च्या या खेळाकडे बघा. सगळे एका बाजूला आहेत, जो तो जहाजावरच्या एकाची भूमिका घेतो, आणि जहाजही सांभाळायचं आहे. एकमेकांना सोडायचं नाही हे मालिकेचं माप आहे आणि खेळ त्या मापाने कापलेला आहे. म्हणून इथे ‘बेतलेला’ शब्द शोभतो. पानांवरच्या चित्रांबद्दल दोन मतं आहेत. मालिकेतली छायाचित्रं न घेता हाताने काढलेली चित्रं घेतली आहेत. तो मुद्दा परीक्षणात वेगळा ठेवा. चेहरे जुळतात का, याच्याशी बेतण्याचा संबंध नाही.

नऊ जणांसाठी ‘क्रू’ लिहू नका. ‘जहाजावरची मंडळी’ म्हणा. नागपूरच्या वर्तमानपत्रांत ‘चमू’ सर्रास दिसतो, डॉक्टरांचा चमू, पंचांचा चमू. तोही चालेल, पण त्यात कामाचा वास आहे. मंडळी म्हटलं की घरोबा येतो, आणि या मालिकेत तोच महत्त्वाचा.

समीक्षण की परीक्षण? परीक्षण. नाटकाचं, चित्रपटाचं, पुस्तकाचं छापून येतं ते परीक्षण.

प्रतिसाद

मी नागपुरातल्या महाल भागात राहतो. गड्डी तर हिंदी झाला ना? आमच्या घरी आजोबा ‘पत्ते पिस’ म्हणायचे, आता पोरं ‘गड्डी फेट’ म्हणून राहिले. मराठी परीक्षणात असे शब्द आणायचे म्हणजे आपणच दार उघडून द्यायचं का?

उत्तर

आजोबांचा ‘पिस’ जरूर ठेवा. फेटणे आपल्याकडे दह्यासाठी, अंड्यासाठी आहे. पत्त्यांसाठी पिसणे इतका चांगला शब्द असताना तो का सोडायचा? तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

गड्डीचं तसं नाही. नोटांची गड्डी आपण मराठीतच म्हणतो, आणि कोबीचा गड्डा, लसणाचा गड्डा ही त्याच घरातली थोरली भावंडं. हिंदीत तो पत्त्यांसाठी चालतो हे खरं, म्हणूनच नागपुरात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पुण्यातल्या वाचकाला कदाचित पहिल्यांदा अडेल, दुसऱ्यांदा अडणार नाही. शेजारच्या भाषेतही एखादा शब्द आहे एवढ्यासाठी आपला शब्द टाकून द्यायचा, हे मला पटत नाही. आणि विसरू नका, कॅट तरी कुठे घरचा वाटतो? पण तो पत्ते खेळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून आपला केला.

प्रतिसाद

काका, एक अडचण माझीही. अशा खेळांत नेहमी एक जण असा असतो की ज्याला सगळं येतं. तो प्रत्येकाला सांगत राहतो, तू हे पान टाक, तू ते घे. बाकीचे नुसते हात हलवतात. इंग्रजी परीक्षणांत याला ‘अल्फा प्लेअर’ची अडचण म्हणतात. मराठीत?

उत्तर

पाटीलकी. ‘या खेळात पाटीलकी करायला फार वाव आहे’ असं लिहिलं की कोणालाही कळेल. मुकादमी हाही शब्द आहे, पण मुकादम कामावर देखरेख करतो. पाटील परस्पर ठरवतो. इथे दुसऱ्याचं पान परस्पर ठरवणं हाच दोष आहे.

आणि हा मुद्दा परीक्षणात आलाच पाहिजे, कारण सगळेच भिडू असलेल्या खेळाचं खरं मोजमाप इथे होतं. काही खेळांनी यावर उपाय शोधला आहे. २०१९ च्या ‘द क्रू’ मध्ये आपली पानं सांगायचीच नाहीत, एखाद्या पानाबद्दल ठरलेल्या रीतीने एक खूण तेवढी करायची. म्हणजे जवळजवळ मेंढीकोटाचाच नियम! लेजेंडरी एन्काउंटर्स या घराण्याच्या खेळांनी वेगळी वाट घेतली. तिथे काही पानं दुसऱ्याच्या खेळीत त्याच्या मदतीला देता येतात. याला मी ‘हात देणे’ म्हणेन. पत्त्यांत ‘हात करणे’ म्हणजे उतारीला पडलेली पानं जिंकणे. तो शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे, त्याच्या शेजारी ‘हात देणे’ सुखाने बसेल. आणि कोणता हात कधी द्यायचा हे ज्याच्या हातात पान आहे तोच ठरवतो. पाटीलकीला तेवढाच आळा.

प्रतिसाद

डब्यावर १ ते ५ खेळाडू लिहिलं आहे. एकट्याने खेळलं तर भिडू कुठला?

उत्तर

नाही कुठला. तिथे ‘एकट्याने पत्त्यांविरुद्ध’ एवढंच म्हणा. पेशन्स लावतात तसं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं वाक्य आता असं केलं आहे: ‘फायरफ्लाय या मालिकेवर बेतलेला हा गड्डी घडवण्याचा खेळ, यात सगळेच भिडू असतात आणि राज्य पत्त्यांवर असतं.’ आईला वाचून दाखवलं, तिला समजलं, आणि रविवारी मी पण बसते म्हणाली.

एक शेवटचं. यात शत्रूची पानं आधी लपलेली असतात, आपल्या पानांतून मिळणारा जोर खर्च करून ती बघावी लागतात. नियमपुस्तिकेत त्याला ‘स्कॅन’ म्हटलं आहे. मी ‘तपासणे’ लिहिलं, पण बरोबर वाटत नाही.

उत्तर

तपासणे म्हटलं की पान आधीच समोर आहे असं वाटतं. लपलेलं पान ‘पालथं’ आणि दिसणारं ‘उघडं’. पालथं पान उघडायचं. नुसतं ‘उघडणे’ पुरे आहे. ‘दोन जोर देऊन पान उघडलं’ असं लिहा. आणि ‘एन्काउंटर्स’ हे नाव जसंच्या तसं ठेवा, भाषांतर करू नका. इथल्या वाचकाला त्यावरून पोलिसांची चकमक आठवेल, म्हणून नावानंतर लगेच अवकाशजहाजाचा उल्लेख येऊ द्या.