ई-कॅडहेरिनची जोडी जेल फिल्ट्रेशनमध्ये का दिसत नाही?

गोदाकाठ (नाशिक)
नमस्कार. मी नाशिकमध्ये जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून माझा प्रकल्प ई-कॅडहेरिन या पेशी-आसंजक प्रथिनावर आहे. त्याच्या पेशीबाहेरील पाच डोमेनपैकी (स्वतंत्रपणे घडी होणाऱ्या भागांपैकी) पहिल्या दोन डोमेनचा, सुमारे २४ किलोडाल्टनचा तुकडा मी ई. कोलाय या जिवाणूत तयार केला. पाठ्यपुस्तकाप्रमाणे पहिल्या डोमेनमधील ट्रिप्टोफॅन-२ (साखळीतील दुसरे अमिनो आम्ल) समोरच्या रेणूच्या खोबणीत बसतो, समोरच्याचा आपल्या खोबणीत येतो, आणि अशी जोडी जमते. बफरमध्ये ३ मिलिमोलर कॅल्शियम असूनही माझ्या जेल फिल्ट्रेशनच्या (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या) स्तंभातून एकट्या रेणूचेच शिखर बाहेर येते. प्रथिनाची घडीच चुकली असावी, असे मार्गदर्शकांचे मत आहे. परंतु कॅल्शियम असताना ट्रिप्सिन (प्रथिने तोडणारे विकर) त्याला फारसे तोडत नाही आणि कॅल्शियम काढून घेणारे ईडीटीए घातल्यावर मात्र जेलवर मूळ पट्टी नाहीशी होऊन खाली तुकडेच दिसतात. शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडीनची शेपटी मागच्या टोकाला आहे, त्यामुळे पुढचे टोक मोकळेच आहे. चूक नेमकी कुठे होत असावी?

स्फटिकवेडा
घडी चुकलेली नाही, हे आपल्या ट्रिप्सिनच्या प्रयोगानेच दाखवले आहे. दोन डोमेनच्या सांध्यात तीन कॅल्शियम आयन नीट बसल्याशिवाय असे संरक्षण मिळत नाही. शंका आहे ती ‘मोकळ्या’ टोकाची. पेशीत हे प्रथिन पुढे एक जादा खंड घेऊन तयार होते आणि तो खंड छाटला गेल्यावरच ॲस्पार्टिक आम्ल पहिल्या जागी येते. त्याचा मोकळा अमिनो गट ग्लुटामिक आम्ल-८९ शी क्षारसेतू बांधतो आणि ट्रिप्टोफॅनसह समोरच्या रेणूत गेलेली, म्हणजे अदलाबदल झालेली साखळी त्यामुळे जागेवर राहते. आपल्या तुकड्याची सुरुवात मेथिओनिनने होते, आणि त्याच्यामागे ॲस्पार्टिक आम्लासारखे मोठे अमिनो आम्ल असल्यास जिवाणूचे विकर ते मेथिओनिन काढत नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या याच दोन डोमेनच्या रचनेत ही अदलाबदल दिसली नव्हती. टोकाला चिकटलेल्या जादा अमिनो आम्लांमुळे ती अडते, हे पुढे २००४ मध्ये एनएमआर आणि क्ष-किरण स्फटिकशास्त्र या दोन्हींनी स्पष्ट झाले. तुकडा सुमो या छोट्या, नंतर कापून टाकता येणाऱ्या प्रथिनाला जोडून तयार करावा. यूएलपी-१ हे विकर सुमोच्या शेवटच्या ग्लायसिननंतर नेमके कापते आणि मागे काहीही उरत नाही.

जुनी_प्रयोगवही (पुणे)
वरील उत्तर मला पटते, मात्र टोक दुरुस्त झाल्यावरही स्तंभावर लगेच जोडी दिसेल असे धरून चालू नका. ही जोडी मुळातच कच्ची आहे. तिचा विघटन स्थिरांक (ज्या तीव्रतेला निम्मे रेणू जोडीत असतात) १०० मायक्रोमोलरच्या आसपास, म्हणजे आपल्या तुकड्यासाठी मिलिलिटरला साधारण अडीच मिलिग्रॅम, आणि स्तंभातून जाताना नमुना पातळ होतो तो वेगळाच. कारण मोठे गमतीचे आहे: समोर कोणी नसताना ट्रिप्टोफॅन स्वतःच्याच खोबणीत बसतो, त्यामुळे एकट्या रेणूत आणि जोडीत जवळपास सारखेच बंध असतात आणि जोडी जमल्याने ऊर्जेचा फायदा थोडाच होतो. तेवढा फायदाही कॅल्शियमच्या कृपेने होतो, कारण साखळीचे दुसरे टोक ग्लुटामिक आम्ल-११ मार्फत कॅल्शियमला बांधलेले असल्याने घरच्या खोबणीत बसलेली साखळी ताणलेली राहते. पेशीच्या पृष्ठभागावर असे असंख्य रेणू दाटीने उभे असतात, म्हणून तिथे हे कच्चे बंधही पुरतात. शक्य झाल्यास निरनिराळ्या तीव्रतांना विश्लेषक अल्ट्रासेंट्रिफ्यूज (नमुना अतिवेगाने फिरवून रेणूंचे वस्तुमान ओळखणारे यंत्र) वापरा आणि तुलनेसाठी ट्रिप्टोफॅन-२ च्या जागी ॲलनिन घातलेला प्रकार सोबत ठेवा.

तिसरा_बाक
बफर फॉस्फेटचा नाही ना? त्यात कॅल्शियम खाली बसते. आमचे दोन आठवडे त्यात गेले होते.

गोदाकाठ (नाशिक)
सर्वांचे आभार. बफर ट्रिसचाच आहे. बाहेरून करून घेतलेल्या मास स्पेक्ट्रमचा अहवाल काल आला. वस्तुमान अपेक्षेपेक्षा १३१ डाल्टनने जास्त आहे, म्हणजे मेथिओनिन तिथेच बसलेले आहे. मार्गदर्शकांनी अहवाल दोनदा वाचला आणि सुमोच्या वाहक डीएनएसाठी प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) मागवण्यास संमती दिली. ॲलनिनचा प्रकारही त्याच मागणीत घालते आहे.