सॉफ्टवेअर घ्यावं का? १२ खाटांचं हॉस्पिटल, सोलापूर

अशोकचौक_एमडी:
नमस्कार. अशोक चौकाजवळ माझं छोटं हॉस्पिटल आहे, १२ खाटांचं. ओपीडीत विडी कामगार बायका, यंत्रमागावरचे कामगार आणि त्यांचे म्हातारे आईबाप. निम्मी हिस्ट्री तेलुगूत, थोडी कन्नडमध्ये, उरलेली मराठीत. केसपेपर मी हातानेच लिहितो. जुन्या डायबेटिसवाल्याचा कागद काढला की तीन वर्षांची शुगर आणि क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) एका नजरेत दिसतं.

परवा एक सॉफ्टवेअरवाला येऊन गेला. आयुष्मान भारत डिजिटल मिशनला जोडून घ्या, आभा क्रमांकावर (पेशंटचा सरकारी आरोग्य क्रमांक) रेकॉर्ड चढवा, सरकार प्रत्येक रेकॉर्डमागे २० रुपये देतं म्हणाला. डेमोतला त्याचा पेशंट फक्त तापाचा होता, दोन क्लिकमध्ये बरा झाला! माझ्या पेशंटला शुगर, बीपी, गुडघे, सुनेशी वाद आणि चार डॉक्टरांच्या गोळ्यांची पिशवी असते. त्याला कुठला ड्रॉपडाउन लावू?

टायपिंग आताच काय कमी आहे का ओ? टीबीचा पेशंट निघाला की निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद (ती २०१२ पासून सक्तीची आहे आणि असायलाच हवी, तक्रार नाही). कॅशलेस विमावाल्यांचं प्रत्येकाचं पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा. एकाच माणसाचं नाव, वय, निदान तीन ठिकाणी भरायचं. आणि आभा काढायला ओटीपी लागतो, तो जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो फोन पुण्यात मुलाच्या खिशात, मुलगा शिफ्टवर. अंगठा घ्यावा तर विडी वळून बोटांचे ठसे झिजलेले.

हे सक्तीचं आहे का? २० रुपये खरंच मिळतात का? आणि मुख्य म्हणजे, टाइप कोण करतं तुमच्याकडे?

बार्शी_बालरोग:
सर, सक्ती नाही. पेशंटलाही नाही, आपल्यालाही नाही. २० रुपयांची योजना जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली, १० किंवा जास्त खाटांच्या हॉस्पिटलसाठी. म्हणजे तुम्ही बसता. पण ठरावीक संख्येच्या वर जेवढी रेकॉर्ड जातील तेवढ्यांचेच पैसे, हे विक्रेता सांगत नाही. योजना अजून चालू आहे का आणि नियम काय, ते तिच्या पोर्टलवर स्वतः वाचून घ्या.

टायपिंगचं म्हणाल तर मी कागदावरच लिहिते. काउंटरला क्यूआर लावलाय, ज्यांच्याकडे आभाचं अ‍ॅप आहे ते स्कॅन करतात, नाव-वय आपोआप येतं. माझा कागद रिसेप्शनची मुलगी स्कॅन करून जोडते. चालतं तसं. मात्र स्कॅन म्हणजे फोटो. त्यातून तुमच्या क्रिएटिनिनचा आलेख निघणार नाही. मला वजन-उंचीचा हवा होता, तेवढे आकडे वेगळे भरून घेते.

व्हीएम_ते_ओहायो:
सोलापूरच्या डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजचाच मी, आता अमेरिकेत इंटर्निस्ट, म्हणजे आपल्याकडचा फिजिशियन. इकडे २००९ च्या हायटेक कायद्याने डॉक्टरांना पैसे देऊन संगणकावर आणलं. मेडिकेअरकडून (ज्येष्ठांचा सरकारी विमा) एका डॉक्टरला ४४,००० डॉलरपर्यंत मिळत होते, आणि २०१५ पासून न वापरणाऱ्याच्या मेडिकेअरच्या पैशात कपात. आधी गूळ, मग काठी. पैसे संपले, टायपिंग राहिलं. २०१६ च्या एका अभ्यासात पेशंटसोबतच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास संगणक आणि टेबलकाम निघालं. माझ्या नोट्स आजही पोरं झोपल्यावर होतात.

एक बदल मात्र कामाचा झाला. बिलासाठी हिस्ट्री आणि तपासणीचे मुद्दे मोजून भरावे लागायचे, ती अट ओपीडीपुरती २०२१ मध्ये काढली. म्हणजे निम्मा त्रास मशीनचा नव्हताच, नियमाचा होता. त्याच वर्षीपासून रिपोर्ट पेशंटला लगेच दिसतात. बायोप्सीचा निकाल माझ्याआधी त्याने मोबाईलवर वाचलेला असतो. हक्क त्याचाच आहे, पण तो फोन उचलताना पोटात गोळा येतो. तर सर, २० रुपयांसाठी घेऊ नका. तुम्हाला स्वतःला काय बघायचंय ते ठरवून घ्या.

जुळे_सोलापूर_लॅब:
करारात एक ओळ लिहूनच घ्या: सोडताना सगळा डेटा एक्सेलमध्ये, फुकट. नाहीतर कंपनी बदलायची म्हटली की तुमचेच पेशंट तुम्हाला विकत घ्यावे लागतात. आणि आंतररुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपायची, मागितली की ७२ तासांत द्यायची, हा मेडिकल कौन्सिलचा नियम २००२ पासूनचा आहे. संगणक घ्या नाहीतर बासनात बांधा, नियम तोच.

अशोकचौक_एमडी:
मॅडम, सर, आभार. बार्शीचा मार्ग पटला. ताप-खोकला कागदावर, स्कॅन करून. डायबेटिस आणि किडनीवाल्यांचे मोजके आकडे तेवढे संगणकात, तेही सिस्टरने बीपी घेतानाच भरायचे, मी नाही. पेशंट समोर असताना कीबोर्डला हात लावणार नाही. आभा ज्याला हवं त्याला, मुलगा सुट्टीला घरी आला की.

लॅबवाल्या साहेबांना विचारतो, तुमच्या मशीनचे आकडे थेट डॉक्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये पडतात का, की पुन्हा कुणी बसून टाइप करतं? आणि गोळ्यांची चिठ्ठी तेलुगूत छापणारं काही कुणी वापरतंय का? सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं तर म्हणाला, हिंदी आहे ना. माझ्या आजीबाईंना हिंदी कोण वाचून दाखवणार?