जोंगाचं पेट्रोल इंजिन भंगारात घालू नका

अपशिंगेकर
काल इथे एकाने फौजेच्या जुन्या जोंगा जीपबद्दल लिहिलं: “लिलावातली जोंगा घेतलीत तर पहिल्याच दिवशी निस्सानचं ते सहा सिलिंडरचं धूड काढा, किलोवर विका आणि डिझेल बसवा. बेभरवशाचं इंजिन आहे, पेट्रोल पितं आणि घाटात बसतं.” त्याखाली “अगदी बरोबर” म्हणणाऱ्यांची रांग लागली. तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण लांबलं. म्हणून वेगळा धागा.

पेट्रोल पितं हे मान्य. माझी गाडी रस्त्याला साडेचार देते, रानात तीनसुद्धा देत नाही. पण बेभरवशाचं? 3956 सीसी, 110 अश्वशक्ती, तीही 3200 आरपीएमला. आजकालच्या पोरांना हे आकडे किरकोळ वाटतात. टॉर्क, म्हणजे ओढ, बघा: 264 एनएम, आणि तो 1200 आरपीएमच्या आसपासच हातात येतो. लो रेंजला टाकून क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, गाडी स्वतःच्या चालीने चढ चढते. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ओतीव लोखंडाचं हेड, पुशरॉड, एक कार्बोरेटर, ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर. यात न सांगता मरेल असं काहीच नाही.

आमचे अण्णा फौजेत ड्रायव्हर होते. लडाखच्या थंडीत डिझेल गाड्यांच्या टाक्यांखाली आग धरावी लागायची, आणि जोंगा चोक ओढून चालू व्हायची, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. 2009 साली मी घेतली तेव्हा अण्णांनी बॉनेट उघडून चालू इंजिनच्या टॅपेट कव्हरवर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “तीन नंबरचा टॅपेट ढिला आहे.” फट मोजायचं फीलर गेज लावलं तर तीनच नंबर निघाला.

गेल्या महिन्यात एका शेडमागे असे चार ब्लॉक पावसात पडलेले पाहिले. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, पाणी साचून वर तांबूस साय धरलेली. त्यातल्या दोघांच्या बोअरला होनिंगच्या (आतून घासून केलेल्या) रेघा अजून दिसत होत्या, म्हणजे काम केलेली इंजिनं! चांगली इंजिनं नुसत्या ऐकीव गोष्टीवर काढून टाकतायत लोक. थांबवा हे.

घाटमाथा_डिझेल
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

2013चा मे महिना. भोरहून महाडला निघालो होतो, वरंधा घाट, दुपारचे दोन, गाडीत बायको आणि चार वर्षांची मुलगी. इंजिन तीनदा बंद पडलं. पेट्रोल टाकीत आहे, कार्बोरेटरला येत नाही. तिसऱ्यांदा वळणावरच बसली. मागून ट्रक, मुलगी रडतेय, मी दगड शोधतोय चाकाला लावायला. त्या दिवशी ठरवलं. टाटा 407चं डिझेल इंजिन बसवून आता कितीतरी वर्षं झाली, अकराचं अ‍ॅव्हरेज देते आणि एकदाही रस्त्यात सोडलेलं नाही. अण्णांबद्दल पूर्ण आदर आहे, पण त्यांना पेट्रोल सरकार देत होतं. मला माझ्या खिशातून भरावं लागतं.

आणि उंचीवरचं सांगताय तर तेही पूर्ण सांगा. हवा विरळ झाली की कार्बोरेटरचं मिश्रण जड होतं, गाडी काळी ओकते आणि ताकद जाते. ते नाही आलं तुमच्या लिखाणात.

मिरजेचा_मेस्त्री
डिझेलदादा, ती व्हेपर लॉकची केस होती. पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या तापात आली की नळीतच वाफ धरते आणि पंपाला ओढायला काही उरत नाही. पंपावर ओला फडका गुंडाळायचा, दहा मिनिटं थांबायचं, गाडी चालू. हा इंजिनाचा दोष नाही. लिलावातून आलेल्या दहांतल्या सात-आठ गाड्यांना पंपाशेजारचा पत्रा नसतो, नळी कोणीतरी जवळच्या रस्त्याने फिरवलेली असते, थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो आणि रेडिएटर निम्मा बुजलेला असतो. पंचवीस वर्षं ही इंजिनं उघडतोय. ब्लॉक फुटलेला एकच पाहिला, तोही पाणी गोठून.

खरा वैताग कंडेन्सरचा आहे. बाजारातले नवे कंडेन्सर महिनाभर टिकत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं इंजिन खराब. मी जुन्या गाड्यांचे काढून ठेवलेले वापरतो, ते अजून चालतात.

घाटमाथा_डिझेल
फडक्याचं मलाही माहीत होतं, मेस्त्री. बायकोची ओढणी पंपावर गुंडाळली होती त्या दिवशी. घरच्यांना घेऊन निघालेल्या माणसाने पाण्याची बादली आणि फडकी घेऊन फिरायचं, याला भरवसा म्हणायचं का?

जुनंलोखंड
भांडण चालू द्या, पण “जपानी इंजिन” म्हणताना स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, बघा: 114.3 मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच. मिलिमीटरमध्ये विचार करणारा माणूस असा आकडा निवडत नाही. निस्सानने 1936च्या सुमारास अमेरिकेतल्या ग्रॅहम-पेजकडून यंत्रसामग्री आणि आराखडे घेतले. त्यातून आलेलं साइड व्हॉल्व्ह इंजिन (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला) बोअर 82.5 बाय स्ट्रोक 114.3 होतं. पुढे बोअर वाढून 85.7 झाला, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, स्ट्रोक तोच राहिला. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात 1969 पासून जे बनत होतं त्याच्या पोटात अमेरिकन इंच आहेत.

आणि भरवशाचा पुरावा घरगुती गोष्टींत कशाला शोधायचा? 1962 साली ऑस्ट्रेलियात रेग स्प्रिग या भूवैज्ञानिकाने बायको आणि दोन मुलांना घेऊन सिम्प्सन वाळवंट मोटारीने पहिल्यांदा ओलांडलं. गाडी निस्सानचं पॅट्रोल मॉडेल, म्हणजे आपल्या जोंगाची सख्खी बहीण. एकामागोमाग एक हजाराच्या वर वाळूच्या टेकड्या आहेत तिथे.

अपशिंगेकर
स्ट्रोकचं माहीत नव्हतं. धन्यवाद. पण अण्णांसमोर अमेरिकन म्हणणार नाही मी.

डिझेलवाले, उंचीवर ताकद जाते हे खरं, आणि ते लिहायला हवं होतं.

नगरचा_जीपवाला
तुम्ही सगळे 1962 आणि 2013मध्ये आहात. आजचा प्रश्न ई-20 आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मागच्या दिवाळीत डिपस्टिक बाहेर काढली तर तेलाची पातळी खुणेच्या वर. मला वाटलं, कुणी तेल ओतलं? वास घेतला तर पेट्रोल. पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल सरळ तेलाच्या चेंबरमध्ये उतरत होतं. तसंच शंभर किलोमीटर गेलो असतो तर बेअरिंगं गेली असती. नळी चिमटीत धरली तर काळं बोटांना लागलं, गुळासारखं चिकट. बारा वर्षं टिकलेली नळी दीड वर्षात गेली. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, मिश्रण पातळ होतं, कार्बोरेटरच्या जुन्या जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या भोकाला) ते पेलत नाही, गाडी धक्के देते. ऑक्टेन वाढतो म्हणतात. या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला त्या ऑक्टेनचा उपयोग शून्य. हे सगळं साखर कारखानदारांची पोटं भरायला, आणि आमची इंजिनं मरतायत.

शिरोळचा_ऊसवाला
कारखानदारांची पोटं? जरा जपून बोला. मी साडेतीन एकर ऊस लावतो, ट्रॅक्टरसुद्धा भाड्याचा आणतो. कायद्याने ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, मिळायला पाहिजे. आमच्या बापाच्या काळात बिल वर्षवर्ष थकायचं, बहिणीचं लग्न त्यापायी एक साल पुढं गेलं. कारखान्याला इथेनॉलचा पैसा वेळेवर यायला लागला तसं बिलही यायला लागलं. 2023च्या डिसेंबरात सरकारने रसापासून इथेनॉल करायला एका दिवसात बंदी घातली, तेव्हा तुमच्यापैकी कोण बोललं? आता एक रबरी नळी गेली तर शेतकऱ्याच्या नावाने बोंब.

नगरचा_जीपवाला
शेतकऱ्याच्या नावाने एक अक्षर लिहिलेलं नाही, परत वाचा. मला पंपावर निवड का नाही, एवढाच प्रश्न आहे. ब्राझीलमध्ये शंभर टक्के इथेनॉलचा वेगळा नोझल असतो, गाड्याही तशाच बनवतात. इथे एके दिवशी टाकीत काय आलं ते आपल्याला नंतर कळतं. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच लिहिलंय की ई-20साठी न बनलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा ते सात टक्के पडेल. माझी गाडी आधीच चार देते!

शिरोळचा_ऊसवाला
चार देणारी गाडी हौसेला पाळता आणि सहा टक्क्यांसाठी आमच्या पोटावर येता. गाड्या तुमच्या, पोट आमचं.

घाटमाथा_डिझेल
हे “हौस” प्रकरण मलाही लागलंय. माझी गाडी हौसेची नाही, तिच्यावर मी रोपवाटिकेचा माल वाहतो. आणि बघा, ई-20चा त्रास मला नाही. हाही मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

नगरचा_जीपवाला
तुमच्या बाजूला कायदा आहे का? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये स्पष्ट सांगितलंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी नोंदवता येत नाही. नवीन माणसाला “पहिल्याच दिवशी डिझेल बसवा” सांगताय, उद्या त्याची गाडी आरटीओच्या आवारात उभी राहिली तर?

घाटमाथा_डिझेल
माझ्या आरसीवर डिझेलची नोंद आहे. 2014 साली रीतसर तपासणी करून घेतलीय. नव्या माणसाने कागद पाहिल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये, एवढं माझ्या पोस्टमध्ये हवं होतं. ते घालतो.

अपशिंगेकर
त्यात हेही घाला. 2021च्या नियमाने पन्नास वर्षांच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, इंजिन बदललेलं चालत नाही. 1969 पासूनच्या जोंगा आता त्या वयाच्या झाल्या. इंजिन किलोवर विकलं की ती दारं कायमची बंद.

घाटमाथा_डिझेल
नियम नीट वाचा, अपशिंगेकर. पन्नास वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात. फौजेत असताना गाडीवर बाणाचा नंबर, आरटीओची नोंद लिलावानंतरची. तुमच्या आरसीवर पहिली नोंदणी कधीची आहे?

अपशिंगेकर
2009.

हा मुद्दा तुमचा, मान्य करावाच लागेल. तरी माझं म्हणणं बदलत नाही. तुम्ही डिझेल बसवलंत, तुमचा धंदा त्यावर आहे, ते मला पटतं. माझा राग “किलोवर विका” या दोन शब्दांवर आहे. जबलपूरला 1999 नंतर जोंगा बनलेली नाही. आज आहेत तेवढीच इंजिनं आहेत. एक क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) गेली की दुसरी कुठून आणणार?

मिरजेचा_मेस्त्री
क्रँकचंच विचारणार होतो. ते चार ब्लॉक कुठे पडलेत? माझ्याकडे एक गाडी आठ महिने क्रँकसाठी उभी आहे. गिऱ्हाईक रिटायर सुभेदार आहेत, दर पंधरा दिवसांनी येऊन बसतात.

नगरचे, नळी बदलताना व्हायटॉनची (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची) मागा, साधी काळी घेऊ नका. डायफ्रामही त्याच मालाचा कापून मिळतो, जुना नमुना घेऊन जा. जेट एक नंबर मोठा टाका, धक्के जातील. ऊसवाले दादांशी भांडून जेट मोठा होणार नाही.

शिरोळचा_ऊसवाला
मेस्त्री, ही नळी केवढ्याची?

मिरजेचा_मेस्त्री
साध्या नळीच्या पाच-सहापट पडते. पण एकदाच.

शिरोळचा_ऊसवाला
मग हे पंपावर पाटी लावून सांगायला काय हरकत होती सरकारला? एवढं मात्र नगरवाल्यांचं खरं आहे. बाकीचं नाही.

घाटमाथा_डिझेल
मेस्त्री, एक सांगतो. माझं इंजिन मी विकलेलं नाही. पोस्टमध्ये लिहिलं तसं, पण मला जमलं नाही. सासऱ्यांच्या गोठ्यात लाकडी ओंडक्यांवर ताडपत्री घालून ठेवलंय. क्रँक शाबूत आहे. 2013 पासून हात लावलेला नाही.

मिरजेचा_मेस्त्री
आजच जा. सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल आणि थोडं रॉकेल घाला, दोन दिवस तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीला पाना लावून हाताने हळूच फिरवून बघा. अडलं तर जोर लावू नका, मला फोटो पाठवा. फिरलं तर दर महिन्याला एकदा फिरवत जा.