हायब्रिड एसयूव्ही: वॉरंटी संपल्यानंतरच्या दुरुस्तीचे काय?

कर्वेनगरकर (धागाकर्ता):

२०२२ मध्ये टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या गाड्या स्ट्राँग हायब्रिड (काही अंतर नुसत्या विजेच्या मोटरवरही चालणाऱ्या) रूपात आल्या, आणि हिंजवडी-खराडीच्या कोंडीत रोज तास-दीड तास घालवणाऱ्या पुणेकरांनी त्या आवडीने घेतल्या. लिटरला २७.९७ किलोमीटर हा चाचणीतला आकडा रस्त्यावर मिळत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, पण जे मिळते तेही साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा बरेच जास्त आहे, याबद्दल माझे दुमत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. जो माणूस एकच गाडी बारा-पंधरा वर्षे वापरतो, त्याने आज स्ट्राँग हायब्रिड घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, हे विक्रेता पहिल्याच वाक्यात सांगतो. गाडीची मूळ वॉरंटी मात्र तीन वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर इतकीच आहे, आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणारा), डीसी-डीसी कन्व्हर्टर (बारा व्होल्टची बॅटरी भरणारा), ब्रेकचा दाब विजेने देणारा इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर हे महागडे भाग यांपैकी नेमके कोणत्या वॉरंटीत बसतात, हे पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांत शोधावे लागते. नवव्या वर्षी यातला एखादा भाग गेला तर दार ठोठवायला एकच जागा उरते, ती म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटर.

आमच्या सोसायटीतील एका कुटुंबाची गाडी दिवाळीच्या सुट्टीत पार्किंगमध्ये उभी होती. परत आल्यावर डॅशबोर्ड अंधुक उजळला, दोन-तीन सूचना झळकल्या, पण गाडी निघायला तयार असल्याची ‘रेडी’ ही खूण काही येईना. अशी गाडी ढकलून सुरू करता येत नाही, त्यामुळे फ्लॅटबेड बोलवावी लागली. सर्व्हिस सेंटरने आधी ‘हायब्रिड यंत्रणेची सविस्तर तपासणी’ करण्यासाठी संमती मागितली, आणि शेवटी दोष निघाला तो साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा. गॅरेजवाल्याने ज्याचे निदान पाच मिनिटांत केले असते, त्यासाठी ते कुटुंब आठवडाभर गाडीविना राहिले. बिघाड लहान होता, परावलंबन मोठे होते, आणि माझी काळजी या परावलंबनाचीच आहे.

दाते-चक्र:

धागाकर्त्यांचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. हायब्रिड म्हणजे इंजिन अधिक मोटर, म्हणजे बिघडायला दुप्पट वस्तू, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. टोयोटाच्या या रचनेत क्लच नाही, वेगळा स्टार्टर मोटर नाही, आल्टरनेटर नाही, आणि ज्या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात त्यात साध्या सीव्हीटीसारखा पट्टाही नाही. एक ग्रहीय गिअरसंच इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर यांना कायमचे जोडून ठेवतो, आणि गिअर बदलण्याचे सारे काम मोटरांचा वेग कमी-जास्त करून होते. दाते सदैव एकमेकांत गुंतलेले असल्याने झिजण्यासारखे फारसे काही उरतच नाही. हीच मूळ कल्पना १९९७ पासून टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीत वापरात आहे, त्यामुळे तिला नवखे तंत्रज्ञान म्हणता येणार नाही.

आता बॅटरीकडे पाहू. हायरायडरची लिथियम-आयन बॅटरी जेमतेम ०.७६ किलोवॅट-तासांची आहे. नियंत्रक तिला पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, मधल्या अरुंद पट्ट्यातच खेळवत ठेवतो, आणि म्हणून ती टिकते. ब्रेक लावताना बराचसा वेग मोटरच शोषून घेते, त्यामुळे ब्रेक पॅडही साध्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त चालतात. मात्र पावसाळ्यात कमी वापरातल्या डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी निघताना खरखर ऐकू येते. ती खरखर म्हणजे बिघाड नव्हे, चार-सहा वेळा जरा जोराने ब्रेक दाबले की ती जाते.

अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात हायब्रिड गाड्यांत साध्या इंधनावरच्या गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी आढळल्या होत्या, आणि प्लग-इन (बाहेरून चार्ज करायच्या) हायब्रिडमध्ये मात्र १४६ टक्के अधिक. हे दोन प्रकार एकच समजून लोक घाबरतात. शहरात वापरलेल्या बीएस-सहा डिझेल एसयूव्हीचा तुंबलेला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा कोंडीत तापलेला ड्युअल क्लच गिअरबॉक्स यांचा खर्च ज्यांनी भरला आहे, त्यांनी हायब्रिडला बिघाडाचे घर म्हणू नये.

नानापेठ:

दाते-चक्र यांचे तांत्रिक विवेचन बिनचूक आहे, पण प्रश्न बिघाड किती वेळा होतो एवढाच नाही, झाल्यावर काय होते हाही आहे. मी सुट्या भागांच्या धंद्यात आहे. साध्या गाडीचा आल्टरनेटर गेला तर आमच्याकडे ब्रश मिळतात, बेअरिंग मिळते, गुंडाळी करून देणारा कारागीर दोन गल्ल्या पलीकडे बसतो. जुना भाग पुन्हा उभा राहतो आणि ग्राहकाचा बराच पैसा वाचतो. इन्व्हर्टर हा बंद डबा आहे. त्यातला एक घटक जळला तरी अख्खा डबा बदलायचा, आणि तो बाहेर कुठे मिळत नाही.

शिवाय नारिंगी आवरणाच्या तारांत जो विद्युतदाब असतो तो जीवघेणा आहे. सर्व्हिस प्लग (हा प्रवाह तोडणारी खुंटी) काढून, ठरलेला वेळ थांबून, इन्सुलेटेड हातमोजे घालून काम करायचे असते, आणि हे प्रशिक्षण बाहेरच्या फिटरला द्यायला कोणी तयार नाही. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल चौदा कार उत्पादकांना एकूण २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टलही सुरू केले. त्यानंतर आलेल्या हायब्रिड गाड्यांच्या बाबतीत आमच्या दुकानापर्यंत यातले काहीही पोहोचलेले नाही, हे मी अत्यंत खेदाने लिहितो.

घाटमाथा:

तक्रारी म्हणून ज्या सांगितल्या जातात त्यांपैकी काही मुळात तक्रारीच नाहीत. खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरीच्या दर्शकावरचे सगळे कप्पे भरतात आणि ऊर्जा साठवायला जागा उरत नाही. अशा वेळी, विशेषतः ‘बी’ मोडमध्ये (उतारावर वेग रोखण्यासाठीच्या गिअर-स्थितीत), इंजिन पेट्रोल न जाळता नुसते फिरवून वेग रोखला जातो. पायाखाली पॅडल दाबलेले नसताना इंजिन अचानक मोठ्याने गरजू लागले की नवा मालक दचकतो, पण यंत्रणा नेमके तेच करत असते जे तिने करायला हवे. चढावर तीन सिलिंडरचे इंजिन कर्कश वाटते, तोही तिचा स्वभाव आहे.

खरी निष्काळजी वेगळीच आहे. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरीला थंड ठेवणारी हवा प्रवाशांच्या कक्षातूनच, मागच्या आसनाजवळच्या जाळीतून ओढली जाते. मी अशी एक जाळी उघडलेली पाहिली आहे. धूळ, सतरंजीचे तंतू आणि कुत्र्याचे केस यांचा नमद्यासारखा थर तिच्यावर बसला होता. बॅटरी तापायची, यंत्रणा मोटरचा आधार कमी करायची, मायलेज घसरायचे आणि मालक पेट्रोलमधल्या इथेनॉलला दोष द्यायचे. ही जाळी साफ करायला खर्च जवळपास शून्य आहे. प्रत्येक सर्व्हिसला ‘बॅटरी पंख्याची जाळी साफ केली’ असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे.

एकतानगर:

दुरुस्तीच्या खर्चात पाण्याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या आमच्या भागातील पार्किंग पाण्याखाली गेले. ज्या गाडीची हायब्रिड बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी आहे, तिच्यासाठी आसनापर्यंत चढलेले पाणी म्हणजे बॅटरीपर्यंत चढलेले पाणी, आणि वॉरंटी पुरात भिजलेल्या वस्तूला लागू होत नाही. विमा घेताना इंजिन संरक्षणाच्या जोड-कलमात हायब्रिड बॅटरी आणि मोटर यांचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेल्या तारांबद्दलही हाच प्रश्न विचारावा.

दाते-चक्र:

एकतानगर, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण तो हायब्रिडपुरता नाही. आसनापर्यंत पाणी चढलेली साधी गाडीही आत बसवलेले नियंत्रक आणि वायरिंग गमावते, आणि बहुधा भंगारातच जाते.

कर्वेनगरकर:

दाते-चक्र यांनी अमेरिकेचे सर्वेक्षण दिले, म्हणून तिकडचेच एक उदाहरण देतो. टोयोटाच्या २०१९ पासूनच्या आरएव्ही-४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणाऱ्या उच्चदाबाच्या केबलच्या जोडणीत पाणी आणि रस्त्यावरचे मीठ शिरून ती गंजत असे. सुरुवातीला मालकांपुढे हजारो डॉलरची बिले आली, आणि ओरड झाल्यावर कंपनीने त्या भागाची वॉरंटी वाढवली. जगात विश्वासार्हतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या उत्पादकाकडून असे होते, तर तक्रार करणारे थोडे असलेल्या बाजारात ग्राहकाच्या बाजूने कोण उभे राहणार?

दाते-चक्र:

ती गाडी भारतात विकली जात नाही, आपल्याकडे बर्फासाठी मीठ टाकत नाहीत, आणि हायरायडर किंवा ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये मागच्या चाकांना मोटरच नाही, त्यामुळे तो विशिष्ट दोष येथे संभवत नाही. तरीही बॅटरी मागे आणि इन्व्हर्टर पुढे असल्याने उच्चदाबाची तार गाडीच्या तळाखालून जाते, हे मी लपवणार नाही. ज्यांचे घर कोकणात समुद्राकाठी आहे, त्यांनी वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर घेऊन तळ अवश्य तपासून घ्यावा.

हिशेबनीस:

रुपयांत बोलू. समजा, माइल्ड हायब्रिड (मोटर इंजिनला नुसती मदत करते ती) ऑटोमॅटिक लिटरला १४ किलोमीटर देते, स्ट्राँग हायब्रिड २१, आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्याचे साधारण २८६ लिटर, म्हणजे तीस हजारांच्या आसपास वाचतात. दोन गाड्यांच्या किमतीत सव्वादोन लाखांचा फरक धरला, तर तो भरून निघायला साडेसात वर्षे लागतात आणि तोवर बॅटरीची वॉरंटी संपत आलेली असते. २४,००० किलोमीटर धावणाऱ्याचा तोच फरक पावणेचार वर्षांत वसूल होतो, पण १,६०,००० किलोमीटरची मर्यादाही तो सातव्या वर्षीच गाठतो. यात सरकारचीही जबाबदारी आहे. सप्टेंबर २०२५ पूर्वी अशा गाडीवर एकूण ४३ टक्के कर होता, आता ४० टक्के आहे, तर पूर्ण विजेच्या गाडीवर ५ टक्के. पेट्रोल वाचवणाऱ्या यंत्राची किंमत करामुळे एवढी चढते, हे मला अन्यायाचे वाटते.

कर्वेनगरकर:

हिशेबनीस यांच्या आकड्यांतून माझेच म्हणणे पुढे जाते. वर्षाला बारा हजार चालवणाऱ्याचा फायदा सुरू होतो त्याच सुमारास संरक्षण संपते, आणि चोवीस हजार चालवणाऱ्यालाही ते त्यानंतर सुमारे तीनच वर्षे मिळते. घाटमाथा यांची जाळीची सूचना मी सोसायटीतल्या सर्व हायब्रिड मालकांना कळवली आहे. परंतु इन्व्हर्टर आणि ब्रेक ॲक्च्युएटर यांच्या किमती उत्पादकाने छापून जाहीर करेपर्यंत आणि बाहेरच्या फिटरला प्रशिक्षण खुले होईपर्यंत, दीर्घकाळ गाडी ठेवणाऱ्या माणसाला मी हा व्यवहार करा असे म्हणणार नाही.

दाते-चक्र:

आणि मी म्हणेन की ज्याचे रोजचे जाणे-येणे विद्यापीठ चौकातून किंवा नगर रस्त्याने आहे, त्याने तो जरूर करावा. मात्र वॉरंटी वाढवून घेण्याची मुदत संपण्यापूर्वी ती वाढवावी आणि तिच्या कागदावर इन्व्हर्टरचा शब्दशः उल्लेख आहे का ते पाहावे. जुनी हायब्रिड घेणाऱ्याने अधिकृत केंद्राकडून बॅटरीच्या प्रत्येक विभागाच्या व्होल्टेजचा छापील अहवाल मागावा, आणि विकणारा तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परतावे.

नानापेठ:

त्या अहवालासोबत इन्व्हर्टरचे कूलंट शेवटी केव्हा बदलले त्याची नोंदही मागा. त्याची टाकी इंजिनच्या कूलंटपेक्षा वेगळी असते, आणि माझ्या पाहण्यात आलेल्या जुन्या गाड्यांत तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष झालेले असते.