आईला घेऊन प्रथमच बँकॉकला: सहल कंपनीबरोबर जावे की स्वतःचे स्वतः?

इंदोरा चौक, नागपूर (प्रश्न)

नमो बुद्धाय, जय भीम.

येत्या नोव्हेंबरात आईला घेऊन बँकॉकला जाण्याचे मी ठरवीत आहे. आम्हा दोघींचाही हा पहिलाच परदेशप्रवास आहे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर न चुकता जाणाऱ्या माझ्या आईची एकदा तरी बौद्ध देश डोळ्यांनी पाहावा अशी इच्छा फार जुनी आहे आणि ती तिच्या हातापायांत बळ आहे तोवर पूर्ण व्हावी असे मला मनापासून वाटते. तिचे वय सत्तरीचे आहे. गुडघे दुखतात, पायऱ्या चढते, पण सावकाश. ती मांसाहार करत नाही आणि पौर्णिमेला अष्टशील (आठ नियमांचे व्रत) पाळते.

येथील दोन सहल कंपन्यांकडे चौकशी केली. दोन्हींच्या कार्यक्रमात पट्टायाचे मुक्काम आणि दागिन्यांच्या दुकानाची भेट आहे, विहारांसाठी मात्र जेमतेम एक सकाळ. आईला जे पाहायचे आहे तेच घाईत उरकले जाणार असेल तर या खर्चाला अर्थ उरत नाही. म्हणून विचारते: एवढ्या मोठ्या, अनोळखी शहरात आम्ही दोघी स्वतःच्या जबाबदारीवर फिरू शकू का? मुक्काम कोठे करावा? शाकाहारी जेवणाचे काय? आणि आई विहारात पांढरी साडीच नेसते, ती तेथे चालेल का?

धरमपेठ

ताई, अवश्य जा आणि स्वतःच जा. बँकॉक अवाढव्य असले तरी आपल्याला जे पाहायचे आहे त्यातील बहुतेक जुन्या शहरात, चाओ फ्राया नदीच्या काठाजवळ आहे, आणि 2019 पासून भुयारी मेट्रोची निळी मार्गिका थेट तेथपर्यंत पोहोचली आहे. म्हणून मुक्काम सुखुमवित भागाच्या झगमगाटात न करता साम योत किंवा वाट मंगकोन (थाई भाषेत 'वाट' म्हणजे विहार) या स्थानकांजवळ करावा. तेथून सनाम चाय स्थानक एक-दोन थांब्यांवर येते, आणि सनाम चायहून वाट फो हा विहार पाचेक मिनिटांच्या चालीवर आहे. मेट्रोच्या फाटकावर आपले परदेशात चालणारे बँक कार्ड नुसते टेकवले तरी प्रवेश मिळतो. उन्नत रेल्वेचे, म्हणजे बीटीएसचे, तिकीट मात्र वेगळे काढावे लागते.

नागपूरहून थेट विमान नाही. कोलकात्यामार्गे गेल्यास पुढचा प्रवास सुमारे अडीच तासांचा आहे, तो आईंना सोसेल. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची नोंद करावी, कारण सुवर्णभूमी विमानतळावर विमानापासून पासपोर्ट तपासणीपर्यंतचे चालणे गुडघेदुखीच्या माणसाला नकोसे होण्याइतके लांब आहे. विमानतळावरून शहरात रेल्वे जाते आणि ती स्वस्तही आहे, पण जुन्या शहराकडे जाण्यासाठी मध्ये सामानासह गाडी बदलावी लागते, तेव्हा पहिल्या दिवशी टॅक्सीच करावी. तळमजल्यावरील यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी, मीटर सुरू करायला सांगावे. मीटरच्या रकमेवर विमानतळाचे 50 बात (थाई चलन) आणि द्रुतगती मार्गाचा टोल द्यावा लागतो. ती फसवणूक नव्हे.

फसवणूक होते ती बँकॉकच्या राजवाड्याबाहेर. नीटनेटक्या कपड्यांतला, गोड बोलणारा माणूस जवळ येतो, आज समारंभ असल्याने राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे असे सांगतो आणि अगदी थोड्या पैशांत दुसरे विहार दाखवणारा टुकटुक (तीनचाकी रिक्षा) बोलावून देतो. तो टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानापाशी थांबतो. त्याच्याशी वाद घालू नये, हसून पुढे चालावे आणि तिकीट खिडकीपर्यंत स्वतः जाऊन पाहावे. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, दुपारी साडेतीनला तिकीट बंद होते. तिकीट 500 बात आहे.

व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकिटापूर्वी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहावेत. 1 मे 2025 पासून आगमनाचे डिजिटल कार्डही भरावे लागते. ते पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत.

कामठी रोड

जय भीम, ताई. वरील व्यवस्थेविषयी दुमत नाही. मला विहारांविषयी लिहायचे आहे, कारण बहुतेक प्रवासी राजवाड्यापासून सुरुवात करतात आणि आपण तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. राजवाड्याचे आवार उन्हात उघडे आहे, गर्दी प्रचंड असते आणि तेथील मरकत (पाचू) बुद्धांची मूर्ती इतक्या उंचावर व इतकी लहान आहे की धक्काबुक्कीत आईंना समाधान लाभणार नाही.

सुरुवात वाट साकेतपासून करावी. त्या विहारालगत सुवर्णगिरी नावाची मानवनिर्मित टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावरील चैत्यात बुद्धांचे धातू, म्हणजे अस्थी-अवशेष, आहेत. ते आपल्याच भूमीतून गेलेले आहेत. 1898 मध्ये उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपाच्या उत्खननात अस्थिकलश सापडले, त्यांतील धातू तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने सयामचे (आजच्या थायलंडचे) राजे चुलालोंगकोर्न यांना दिले आणि त्यांचा एक भाग या टेकडीवर ठेवण्यात आला. पायऱ्या तीनशेहून अधिक आहेत. संख्या ऐकून दचकू नये. पायऱ्या कमी उंचीच्या आहेत, वाट टेकडीभोवती वळसे घेत जाते, दोन्ही बाजूंना झाडी आहे आणि वाटेत टांगलेल्या घंटा वाजवीत, थांबत थांबत वयस्क माणसे वर जातात. सकाळी लवकर चढावे.

आपण नोव्हेंबर निवडला हे फार चांगले झाले. साधारणपणे आपल्या कार्तिक पौर्णिमेलाच तेथे लॉय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर पाने दुमडून, फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून तयार केलेले द्रोण लोक नदीत सोडतात. त्याच सुमारास वाट साकेतची जत्रा भरते आणि माथ्यावरील चैत्याला लांबच लांब लाल वस्त्र गुंडाळतात, त्या वस्त्रावर भाविक आपल्या माणसांची नावे लिहितात. तिथी जुळवता आली तर जरूर जुळवावी, मात्र खोली फार आधी घ्यावी लागेल.

दुसरे स्थान वाट त्राइमित. तेथील सुमारे साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती कित्येक पिढ्या चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेली होती. ती सोन्याची आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते. 1955 मध्ये जागा बदलताना मूर्ती खाली आदळली, गिलावा तडकला आणि आतले सोने दिसले. 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथ्थया ही सयामची जुनी राजधानी उद्ध्वस्त केली, त्या धामधुमीपूर्वी मूर्ती वाचवण्यासाठीच तो गिलावा चढवला असावा असे मानले जाते. वाट फो येथील 46 मीटर लांबीची महापरिनिर्वाण मुद्रेतील मूर्ती पाहताना तळव्यांपाशी थांबावे. शिंपल्यांच्या जडावकामात 108 मंगलचिन्हे आहेत आणि ती पाहायला निवांत वेळ लागतो. मागच्या बाजूला ओळीने मांडलेल्या 108 पात्रांत भाविक एकेक नाणे टाकत जातात, त्याचा किणकिणाट सभागृहभर घुमतो. वाट अरुण पलीकडच्या काठावर आहे. होडीने जावे, पण वरच्या अतिशय उभ्या पायऱ्या आईंनी चढू नयेत.

पांढरी साडी चालेल का, असे आपण विचारले. नुसती चालेल असे नव्हे, तेथे उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमेसारख्या व्रताच्या, दिवशी शील घेणाऱ्या उपासिका पांढरेच नेसतात, त्यामुळे लोक आईंकडे पर्यटक म्हणून पाहणार नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत एवढाच नियम आहे. बसताना पाय मूर्तीकडे करू नयेत. स्त्रियांनी भन्तेंना (भिक्खूंना) स्पर्श करू नये, द्यायची वस्तू ते समोर पसरतात त्या वस्त्रावर ठेवावी. त्रिशरण आणि पंचशील तेथेही पालीतच म्हणतात. उच्चार थोडे वेगळे वाटतील, पण आई त्यांच्याबरोबर सहज म्हणू शकतील.

आणखी एक ठिकाण सहल कंपन्या कधीच दाखवत नाहीत. जागतिक बौद्ध भ्रातृसंघाचे मुख्यालय बँकॉकमध्ये, फ्रोम फोंग स्थानकाशेजारच्या बेंचसिरी उद्यानात आहे. याच संस्थेच्या 1954 च्या रंगूनमधील आणि 1956 च्या काठमांडूतील परिषदांना बाबासाहेब उपस्थित होते. इमारतीत पाहण्यासारखे फारसे नाही, तरीही आईंना तेथे न्यावे.

सक्करदरा

जेवणाविषयी थोडेसे. नुसते 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, कारण भाजीतही माशांचा सॉस म्हणजे नाम प्ला सर्रास घालतात. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली दुकाने शोधावीत, तेथे मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. साम योतजवळच्या फाहुरत भागात भारतीय वस्ती, गुरुद्वारा आणि पोळी-भाजी मिळणारी दुकाने आहेत. भिक्खू भिक्षेत मिळालेले मांसाहारी अन्नही स्वीकारतात, हे आईंना आधी सांगून ठेवावे म्हणजे त्यांना धक्का बसणार नाही. पाकिटांवर पुष्कळदा बौद्ध वर्ष छापलेले असते. ते इसवी सनापेक्षा 543 ने पुढे असते, हे अंतिम तारीख पाहताना ध्यानात असू द्यावे.

आणि हवा. नागपूरचा मे महिना काढलेल्यांना तेथील ऊन काहीच वाटू नये, पण तेथील दमट हवेत घाम वाळतच नाही. दुपारी बारा ते तीन खोलीवर विश्रांती ठेवावी.

इंदोरा चौक, नागपूर

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. आईला पिप्रहवाच्या धातूंविषयी वाचून दाखवले, तर तिने पायऱ्यांचा विषयच संपवला. कार्तिक पौर्णिमा धरून तिकिटे पाहत आहे. एकच शंका उरली: अयुथ्थया एका दिवसात जमेल का?

धरमपेठ

अंतर सुमारे 80 किलोमीटर आहे, रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येते. परंतु तेथील अवशेष दूरदूर पसरलेले आहेत आणि सावली कमी आहे. सुवर्णगिरी चढल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नये, मध्ये एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. तो दिवस निघत नसेल तर अयुथ्थया वगळून तो वेळ वाट फोला द्यावा.