कानाला बरोबर वाटणारे वाक्य चुकीचे का निघते? : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-४०४ : सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल (पदवीधरांसाठीची एकत्रित भरती) परीक्षेची तयारी करीत आहे. गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीत तिची अडचण नाही. मात्र इंग्रजी वाक्यातील चूक ओळखण्याच्या प्रश्नांत तिचे गुण जातात. वाक्य वाचताना ते तिला बरोबरच वाटते आणि उत्तरे तपासली की त्यातच चूक निघते. सीताबर्डीच्या शिकवणीतून नियमांची जाडजूड वही मिळाली आहे, पण प्रश्न समोर आला की नेमका कोणता नियम लावायचा ते तिला सुचत नाही. ग्रुपवरील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बी-३०१ : पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात आणि त्यांपैकी २५ इंग्रजीचे असतात. प्रत्येक प्रश्नाला २ गुण असून चुकीच्या उत्तरामागे अर्धा गुण वजा होतो. सरासरी ३६ सेकंदांत एक प्रश्न सोडवायचा असल्यामुळे वहीतील नियम आठवत बसायला तिथे वेळ नसतो.

सी-१०२ (निवृत्त इंग्रजी शिक्षिका) : अडचणीचे मूळ ‘बरोबर वाटते’ या शब्दांतच आहे. आपला कान ज्या इंग्रजीवर तयार झाला आहे, ते इंग्रजी बरेचसे मराठी आणि हिंदीच्या वळणाचे आहे, आणि प्रश्न काढणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन नागपूर सिन्स २०१५’ हे वाक्य आपल्यापैकी कोणालाही खटकणार नाही, कारण मराठीत आपण ‘२०१५पासून राहत आहे’ असे वर्तमानकाळातच म्हणतो. इंग्रजीत मात्र तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. ‘विषयी चर्चा करणे’ आपल्या जिभेवर असल्याने ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ आपल्याला जास्तीचा वाटत नाही. सचिवांनी राग मानू नये, पण गेल्या महिन्यात लिफ्टजवळ लागलेल्या सूचनेत ‘अनलेस यू डू नॉट पे द मेंटेनन्स’ असे लिहिले होते. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच असल्यामुळे त्या सूचनेचा अर्थ पार उलटा होतो.

सचिव : सूचना दुरुस्त करून लावली जाईल. मात्र थकबाकीदारांनी या उलट्या अर्थाचा लाभ घेऊ नये, ही विनंती.

ए-४०४ : मॅडम, मग तिने सुरुवात कोठून करावी?

सी-१०२ : वाक्याचा अर्थ बाजूला ठेवून आधी कर्ता आणि क्रियापद शोधावे. ‘द क्वालिटी ऑफ द ऑरेंजेस सोल्ड इन कळमना मार्केट आर गुड’ हे वाक्य पाहा. ‘ऑरेंजेस’ हे अनेकवचन क्रियापदाच्या जवळ असल्याने डोळा तिथे फसतो; पण कर्ता ‘क्वालिटी’ आहे, म्हणून ‘इज’ हवे. ‘ऑफ’ने सुरू होणारा मधला भाग पेन्सिलीने कंसात टाकण्याची सवय लावली की अशी वाक्ये लगेच उघडी पडतात. ‘अलाँग विथ’ आणि ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ यांचेही तसेच आहे: ‘द सेक्रेटरी, अलाँग विथ द मेंबर्स, वॉज प्रेझेंट’, कारण क्रियापद पहिल्या कर्त्यालाच बांधलेले असते. ‘नायदर–नॉर’मध्ये मात्र ते जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते, म्हणून ‘नायदर द सेक्रेटरी नॉर द मेंबर्स वेअर प्रेझेंट’. कर्ता-क्रियापद निर्दोष निघाले तर काळ पाहावा आणि शब्दयोगी अव्यये (प्रेपोझिशन) त्यानंतर. ‘सीनियर’, ‘जूनियर’, ‘सुपीरियर’ यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे, ‘टू’ येते. ‘नो सूनर’ला ‘दॅन’ लागते आणि ‘हार्डली’ला ‘व्हेन’. अशा जोड्या थोड्याच आहेत आणि त्या पाठच कराव्या लागतात.

ए-२०२ : मॅडम, माझी एक शंका आहे. ‘द कमिटी हॅज डिसायडेड’ बरोबर की ‘हॅव डिसायडेड’? वर्तमानपत्रांत मी दोन्ही वाचले आहे.

सी-१०२ : काका, दोन्ही आढळतात. समितीने एकमताने ठरवले तर ‘हॅज’. सभासदांत मतभेद असतील तर ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’ असे अनेकवचन वापरतात. ब्रिटिश लेखनात अनेकवचन बरेच चालते, अमेरिकी लेखनात कमी. परीक्षेत वाक्यातच ‘देअर’ किंवा ‘डिव्हायडेड’सारखी खूण आहे का, हे पाहून ठरवावे.

बी-३०१ : चार पर्यायांपैकी दोन निश्चितपणे बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडणे हिशेबाने फायद्याचेच ठरते, कारण बरोबर आले तर २ गुण मिळतात आणि चुकले तर अर्धाच जातो.

सी-१०२ : ते मान्य आहे, पण सरावात अंदाज बांधू नये. प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे आपण कशाने फसलो तेवढे लिहावे: मराठी वळणाने, जवळच्या नामाने की घाईने. महिनाभरात स्वतःची ठरलेली चूक दिसू लागते, आणि माझ्या मते त्या वहीपेक्षा ही यादी जास्त उपयोगाची आहे.

ए-४०४ (मुलगी लिहीत आहे) : काकू, ‘वन ऑफ द बॉइज हू प्लेज हिअर इज माय कझिन’ या वाक्यात मी ‘इज’ चुकीचे ठरवले होते. ते का चुकले?

सी-१०२ : बेटा, ‘इज’चा कर्ता ‘वन’ आहे, म्हणून ते बरोबर आहे. ‘हू’ मात्र ‘बॉइज’बद्दल सांगतो, त्यामुळे चूक ‘प्लेज’मध्ये आहे, तिथे ‘प्ले’ हवे. एका वाक्यात दोन क्रियापदे असली की दोघांचे कर्ते वेगवेगळे शोधायचे. उद्या संध्याकाळी वही घेऊन घरी ये, अशी आणखी वाक्ये काढून ठेवते.